आब्स्कोंदेरे : लपवण्याच्या पोटातले ठेवणे

नागपूरच्या न्यायालयांतील कागदपत्रे इंग्रजीतून मराठीत आणण्याच्या कामात माझी सव्वीस वर्षे गेली. या काळात जे इंग्रजी शब्द रोज माझ्या हाताखालून जात, त्यांत ‘अ‍ॅब्स्कॉन्ड’ हा शब्द फार वरचा होता. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ हिच्या कलम ८२ मध्ये, आणि आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिच्या कलम ८४ मध्ये, वॉरंट बजावता येऊ नये म्हणून जो माणूस फरार झाला आहे किंवा लपून राहत आहे, त्याच्याविरुद्ध उद्घोषणा काढून त्याला हजर होण्यासाठी किमान तीस दिवसांची मुदत देण्याची तरतूद आहे. ‘अ‍ॅब्स्कॉन्ड’साठी ‘फरार होणे’ आणि त्याच्या शेजारच्या ‘कन्सील’साठी ‘लपून राहणे’ असे लिहून मी पान उलटत असे. फरार हा मूळचा अरबी शब्द; त्यात पळणे आहे, लपणे नाही. कायद्याने हे दोन शब्द जोडीने का बसवले, याचा विचार करण्याची सवड मला सेवानिवृत्तीनंतर मिळाली आणि त्याला निमित्त झाली माझ्या भाचीची स्पॅनिशची वही.

गेल्या पावसाळ्यात ती आमच्या धरमपेठेतल्या घरी महिनाभर राहायला होती. क्रियापदांची उजळणी करता करता एका शब्दावर बोट ठेवून तिने विचारले, “मामा, हा तुमच्या फायलींमधला शब्द आहे का हो?” शब्द होता ‘एस्कोंदेर’, अर्थ लपवणे. त्याच पानावर तिने ‘आ एस्कोंदीदास’ म्हणजे ‘चोरून, लपूनछपून’ असेही लिहून ठेवले होते. वही हातात घेतली आणि ‘अ‍ॅब्स्कॉन्ड’चा आवाज मला त्या शब्दात स्पष्ट ऐकू आला. पुढचे काही आठवडे मी त्या आवाजाच्या मागे गेलो. जे हाती लागले ते मला इतके मोलाचे वाटते, की ते सविस्तर लिहावे असे मनापासून वाटले.

दोन्ही शब्दांचा पूर्वज लॅटिन ‘आब्स्कोंदेरे’ हा आहे. त्याचे तीन तुकडे पडतात : ‘आब्स’ म्हणजे दूर, ‘कोन’ म्हणजे एकत्र, आणि ‘देरे’ म्हणजे ठेवणे. शेवटचा तुकडा आपल्याला परका नाही. लॅटिनमधील हा ‘देरे’ आणि संस्कृतातील ‘धा’ धातू हे एकाच मूळ धातूचे दोन वंशज आहेत, आणि याच नात्याने लॅटिनमधील ‘क्रेदेरे’ म्हणजे विश्वास ठेवणे हे क्रियापद आपल्या ‘श्रद्धा’ शब्दाचे सख्खे भावंड ठरते. ‘धा’ म्हणजे ठेवणे. खाली ठेवलेले ते निधान आणि निधी, अंगावर घातलेले ते परिधान, आत ठेवले जाऊन दिसेनासे झालेले ते अंतर्धान. रोमन माणसाने ‘दूर नेऊन, एकत्र करून ठेवणे’ असे म्हटले आणि त्याचा अर्थ लपवणे झाला. आपल्या पूर्वजांनी ‘आत ठेवणे’ असे म्हटले आणि त्याचा अर्थ अदृश्य होणे झाला. पिधान हा शब्दही याच घरातला. ‘अपि’ आणि ‘धा’ मिळून झालेल्या ‘अपिधान’ म्हणजे झाकण या शब्दातील आद्य ‘अ’ गळून ‘पिधान’ उरले. चंद्राआड एखादा ग्रह किंवा तारा झाकला गेला, की आपली वर्तमानपत्रे ‘पिधान युती’ असे छापतात. आमच्या घरी जेवण संपताना वडील तळहातावर पाणी घेऊन ‘अमृतापिधानमसि’ म्हणत असत, तेव्हा ते अन्नावर अमृताचे झाकण ठेवत आहेत हे मला कधी कळले नव्हते.

आब्स्कोंदेरेच्या पोटातले ‘कोंदेरे’ हे साधे क्रियापद लॅटिनमध्ये किती कामे करत होते ते पाहिले, म्हणजे लपवण्याचा अर्थ कुठून आला याचा उलगडा होतो. नगर वसवणे म्हणजे कोंदेरे. रोमन लोक ज्या घटनेपासून वर्षे मोजत ती ‘नगर वसवल्यापासून’ अशी त्यांची कालगणना याच क्रियापदाने सांगितली जाते. धान्य साठवणे, प्रेत पुरणे, काव्य रचणे, तलवार म्यानात घालणे, या सर्वांना कोंदेरेच चालते. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात पाचव्या ओळीत नायकाला नगर वसवायचे आहे तेव्हा हेच क्रियापद येते, आणि बाराव्या म्हणजे अखेरच्या सर्गात शेवटून तिसऱ्या ओळीत तो शत्रूच्या छातीत तलवार खुपसतो तेव्हाही हेच क्रियापद येते. वसवणे आणि खुपसणे या दोन्ही ठिकाणी वस्तू आपल्या जागी पक्की बसते, आणि त्या पक्केपणाला एकच शब्द पुरतो.

धान्याचा अर्थ मला विशेष जवळचा वाटला, कारण विदर्भातल्या जुन्या गावांत ज्वारीची पेवे होती. उंचावरची कोरडी जागा पाहून जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, आतून कडबा लावायचा, धान्य भरून तोंड मातीने लिंपायचे, आणि मग वरून चालणाऱ्याला खाली धान्य आहे याची कल्पनाही येत नसे. पेव उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नसे, कारण त्या हवेत माणूस गुदमरून मरतो. रोमन लेखक व्हारो याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात कप्पाडोशिया, थ्रेस, कार्थेजचा प्रदेश आणि स्पेन येथील अशाच भुयारी कोठारांचे वर्णन केले आहे; त्यांतला गहू पन्नास वर्षे आणि बाजरीसारखे धान्य शंभर वर्षांहून अधिक टिकते, असे तो सांगतो. त्या धान्यासाठी त्याने वापरलेले विशेषण ‘कोंदितुम’ असे आहे, म्हणजे ठेवलेले. पेवातले धान्य लपवलेले म्हणावे की साठवलेले, हा प्रश्न ज्याने पेव पाहिले आहे त्याला पडत नाही. ते ठेवलेले असते, आणि ठेवलेले असल्यामुळेच दिसत नाही.

या मूळ शब्दाची मुले पुढे निरनिराळ्या देशांत वाढली. स्पेनमध्ये आधी ‘अस्कोंदेर’ होते. ज्याचे आज उपलब्ध असलेले हस्तलिखित १२०७ सालच्या लेखनाची नोंद वागवते, त्या एल सिद या स्पॅनिश योद्ध्यावरच्या काव्यात तिसाव्या ओळीत हे रूप आहे : राजाच्या भीतीने बुर्गोस नगरातले लोक सिदपासून लपतात, त्याच्याशी एक शब्दही बोलण्याचे धाडस त्यांना होत नाही. पुढे ‘एस’ने आरंभ होणाऱ्या असंख्य शब्दांच्या ओढीने ‘अस्कोंदेर’चे ‘एस्कोंदेर’ झाले, आणि पोर्तुगीजमध्येही तसेच घडले. रूमानियात ‘ओ’चा ‘उ’ झाला. पर्वताला जसे तिथे ‘मुंते’ म्हणतात, तसे लपवणे ‘आस्कुंदे’ झाले आणि लपलेला तो ‘आस्कुन्स’.

इटलीतले रूप मात्र क्षणभर ओळखू येत नाही. तिथे लपवणे म्हणजे ‘नास्कोंदेरे’. हा आरंभीचा ‘न’ आला कुठून? बोलीतल्या लॅटिनमध्ये शब्दाला आणखी एक उपसर्ग लागला, ‘इन’ म्हणजे आत. त्यातला ‘इ’ बोलताना झिजला आणि ‘न’ मागे राहिला. मराठी माणसाला यात नवल वाटू नये, कारण आपणही अरण्याचे रान केले आणि ‘उपविश’चे ‘बैस’ केले. वर सांगितलेल्या पिधानातही हीच झीज आहे. ‘इन’ नसलेले जुने रूपही इटालियन कवितेत दीर्घकाळ टिकले. दान्तेने नरकाच्या वर्णनात नवव्या सर्गात वाचकांना थांबवून सांगितले आहे, की ज्यांची बुद्धी निकोप आहे त्यांनी या अनोळखी ओळींच्या पदराआड जी शिकवण लपली आहे ती पाहावी. तिथे ‘लपली आहे’साठी त्याने ‘सास्कोंदे’ असे लिहिले आहे. मला त्या ओळीत तक्रार दिसत नाही. लपवलेली शिकवण कोणापासून चोरलेली नाही, ती वाचकासाठी आत ठेवलेली आहे.

फ्रेंचांनी ही वाट सोडली. त्यांच्या जुन्या भाषेत या कुळातली रूपे होती, परंतु आज लपवणे म्हणजे ‘काशे’, आणि तो शब्द दाबणे, दडपणे, एकत्र कोंबणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. लाखेवर दाबलेला शिक्का म्हणजे ‘काशे’ हाही त्याच घरातला. आपल्याकडेही प्रकरण दाबले, प्रकरण दडपले असे म्हणतात, तेव्हा दाबणे म्हणजे लपवणेच असते. मोबाइलमध्ये अधूनमधून जी ‘कॅश’ रिकामी करा असे सांगितले जाते, ती याच फ्रेंच क्रियापदाची पुतणी आहे. रोख रकमेशी तिचा काही संबंध नाही. इंग्रजी ‘कन्सील’ हा तिसऱ्याच कुळातला, ‘केलारे’ म्हणजे झाकणे या लॅटिन क्रियापदापासून आलेला. कलम ८२ मध्ये मी वर्षानुवर्षे जे दोन शब्द शेजारी शेजारी लिहीत होतो, ते लॅटिनमधले लपवण्याचे दोन वेगळे मार्ग होते : एकात वस्तू दूर ठेवली जाते, दुसऱ्यात ती झाकली जाते.

मुलांच्या खेळात या शब्दांची चव सर्वांत शुद्ध राहिली आहे असे मला वाटते. लपंडावाला स्पेनमध्ये ‘एस्कोंदीते’, इटलीत ‘नास्कोंदीनो’, ब्राझीलमध्ये ‘एस्कोंदे-एस्कोंदे’, फ्रान्समध्ये ‘काश-काश’ म्हणतात. ब्राझीलचे आणि फ्रान्सचे नाव आपल्या लपाछपीसारखेच दुहेरी आहे. रूमानियातल्या मुलांनी तर खेळाच्या नावात एक अख्खे वाक्य बसवले आहे. ‘तुम्ही लपलात’ हे क्रियापदच त्या नावाच्या पोटात आहे. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात राज्य आलेला मुलगा भिंतीकडे तोंड करून “झालं का रे? येऊ का?” असे ओरडत असे, त्या हाकेचेच जणू खेळाचे नाव झाले आहे. लपणाऱ्याला सापडायचे असते, फक्त लगेच नाही.

आता ज्या उताऱ्याने मला अक्षरशः खुर्चीतून उठवले, त्याकडे येतो. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इसवी सन ५३३ मध्ये रोमन कायदेपंडितांच्या मतांचा जो प्रचंड संग्रह प्रसिद्ध झाला, त्याच्या ४१व्या भागात पाउलुस या विधिज्ञाने गुप्तधनाची व्याख्या दिली आहे. गुप्तधन म्हणजे पैशाची अशी जुनी ठेव, जिची आठवण कोणालाही उरलेली नाही आणि म्हणून जिला आता मालक नाही. एवढ्यावर न थांबता तो पुढे म्हणतो, की कोणी लाभासाठी, भीतीपोटी किंवा सुरक्षित राहावे म्हणून जमिनीखाली काही ठेवले असेल, तर ते गुप्तधन नव्हे. ते नेणे ही चोरी आहे. या दुसऱ्या वाक्यात त्याने वापरलेले क्रियापद ‘कोंदेरे’ आहे. जन्मभर कायद्याची भाषा हाताळलेल्या माणसाला या दोन वाक्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. वस्तू तीच, जमीन तीच, खड्डाही तोच. कोणाला तरी आठवते आहे तोपर्यंत ती ठेव. आठवण गेली की ते गुप्तधन.

आपल्याकडील भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ हा याच विचाराचा वारस आहे. ‘निखात’ म्हणजे खणून पुरलेले आणि ‘निधी’ म्हणजे ठेवलेले. ‘ट्रेझर ट्रोव्ह’ या इंग्रजी नावात ‘सापडलेले’ यावर भर आहे, तर आपल्या नावात ‘ठेवलेले’ यावर आहे, आणि मला आपले नाव अधिक न्याय्य वाटते. जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या वास्तूत लपलेली कोणतीही मौल्यवान वस्तू म्हणजे निधी, आणि तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास कळवले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. नंतर जिल्हाधिकारी दावेदारांना बोलावतो. ती वस्तू गेल्या शंभर वर्षांच्या आत दावेदाराने किंवा ज्याच्यामार्फत तो हक्क सांगतो त्या व्यक्तीने लपवली होती असे मानण्यास जागा असेल, तर दिवाणी दावा लावता यावा म्हणून सुनावणी तहकूब केली जाते. पाउलुसने आठवणीला वर्षांचे माप लावले नव्हते, आपल्या कायद्याने ते शंभर वर्षांचे लावले.

नागपूरकरांनी अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, अशा ठेवीचा एक अंश पाहावा. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावी १८७० साली गुरे चारणाऱ्या मुलांना जमिनीत धातू दिसला आणि खणल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू व चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. तांब्याचे वजन ८२९ पौंड भरले, म्हणजे पावणेचार क्विंटलहून थोडे अधिक. बालाघाट तेव्हा मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती, त्यामुळे या ठेवीचा काही भाग इथल्या संग्रहालयाला मिळाला, काही भाग ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. चांदीच्या काही पत्र्यांचा आकार शिंगे असलेल्या बैलाच्या मुखासारखा आहे, काही नुसत्या चकत्या आहेत. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी पाहताना जाणवते, की इतके धातू एका जागी नेऊन नीट पुरायला माणसे लागली असतील, दिवस लागले असतील, आणि जागा लक्षात ठेवण्यासाठी काही खूणही केली असेल. आठवण तेवढी उरली नाही.

आपल्या भाषेत ‘गुप्त’ शब्दाची वाटही अशीच आहे. ‘गुप्’ म्हणजे रक्षण करणे. गुप्त म्हणजे आधी राखलेले, आणि मग लपलेले. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी ज्यांचे नाते आहे त्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले आणि शतकानुशतके पंथाबाहेर जाऊ दिले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हा मराठीतले तेराव्या शतकातले गद्य महाराष्ट्राला पुन्हा भेटले. ते गद्य गुप्त होते, दोन्ही अर्थांनी.

आणि ‘ठेवा’ हा आपला साधा शब्द. ठेवला तो ठेवा. संस्कृतातील ‘निधी’ने आणि लॅटिनमधील ‘कोंदेरे’ने जी वाट चोखाळली, तीच मराठीने आपल्या पायांनी पुन्हा एकदा चालून पाहिली. शिवाय आपण ‘ठेवणे’ दुसऱ्या क्रियापदांच्या मागेही लावतो : सांगून ठेवणे, करून ठेवणे, शिकून ठेवणे. आज केलेले उद्याच्या उपयोगासाठी असेल, तेव्हा त्याच्यामागे ‘ठेवणे’ येते.

माझी आजी ‘लपवणे’ हा शब्द स्वतःच्या बाबतीत चालू देत नसे. महालातल्या वाड्यात माजघराच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्याच्या तळाची फळी उचलली की खाली हातभर खोल जागा होती. आम्ही मुले तिला चोरकप्पा म्हणत असू. “मी काही लपवलं नाही नं, जपून ठेवलं आहे,” असे ती बजावत असे. ती गेल्यानंतर कित्येक वर्षांनी, वाडा पाडण्याचे ठरल्यावर, आम्ही ती फळी उचलली. पैसे नव्हते, दागिने नव्हते. पितळेचा एक गडू होता, तोंडाला फडके बांधलेला, आणि आत मेणकापडात गुंडाळलेला घडीचा कागद : मध्यप्रांत व वऱ्हाडच्या काळातले तिचे सातवीच्या, म्हणजे तेव्हाच्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेचे, उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र. नाव लग्नाआधीचे होते, म्हणून ते तिचेच आहे हे समजायला आम्हांला वेळ लागला. ती शिकलेली होती हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. आम्ही तिला पत्रे वाचून दाखवत असू आणि ती ऐकून घेत असे. कागदाच्या घड्या फाटल्या होत्या, पण शाई स्वच्छ होती. लाभ, भीती, राखण या पाउलुसने सांगितलेल्या तीन कारणांपैकी तिचे कारण कोणते होते, हे मी माझ्या मनाशी ठरवले आहे. मेणकापड ज्या काळजीने गुंडाळले होते, त्यावरून ते ठरवणे कठीण नव्हते.

भाचीने आपल्या वहीत ‘एस्कोंदेर’समोर ‘लपवणे’ तसेच राहू दिले आहे, कारण परीक्षेत तेच लिहावे लागेल. वाडा आता नाही. गडू आणि कागद माझ्या लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात आहेत, आणि त्या खणाची चाबी कुठे असते ते मी मुलाला दाखवून ठेवले आहे.